पोवळीचं माहेर

काळखडी गावात गाईला बाळंतपणासाठी माहेरी पाठवणारी बाई एकच निघाली, आणि ती म्हणजे उजाक्का. तिला खुळी म्हणणारे पुष्कळ होते. पण ज्या दिवशी तिने आपली गाभण मोरणी टेम्पोत चढवली, तिच्या शिंगांना हिरव्या बांगड्या बांधल्या, कपाळावर हळदकुंकू लावलं आणि पदराने डोळे पुसत "जप गं बाय, वहिनीला तरास दिऊ नगंस" असं बजावलं, त्या दिवशी खुळी म्हणणारेही पारावर गुमान बसून राहिले. टेम्पो वळणाआड गेला, मग हसले.

तिच्या नवऱ्याने, दशरथने, एवढंच विचारलं, "मग ह्यात जावई कोण म्हणायचा? मी का दावणीचा खुंटा?"

उजाक्काचं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, पठारावरचं कारवट. तिकडे रीत अशी, की मुलगी सासरी निघाली की तिच्यामागून एक कालवड निघायची. सोनंनाणं असो वा नसो, कालवड हवीच. आणि ती बाजारातली चालायची नाही, माहेरच्याच गोठ्यात जन्मलेली हवी. आईच्या पोटात असतानाच तिने माहेरचं पाणी प्यायलेलं असावं. म्हणजे सासरी कधी फार एकटं वाटलं, तर कपाळ टेकवायला माहेरचं कुणीतरी गोठ्यात असतं. उजाक्का जतच्या पूर्वेला, काळखडीच्या उघड्याबोडक्या माळावर सून म्हणून आली, तेव्हा तिच्यामागेही एक कालवड आली होती. मोरणी तिची नात.

मोरणी पहिल्यांदा गाभण राहिली त्या वर्षी माळ नुसता भाजत होता. उजाक्काला आपलं पहिलं बाळंतपण आठवलं, कारवटच्या ओसरीवरचं धुकं आठवलं, आणि तिने भावाला फोन लावला. भाऊही तिचाच भाऊ. त्याने टेम्पो पाठवला. मोरणीने तिथे धुक्यात महिने काढले, श्रावणात ती व्यायली, आणि दिवाळीला लेक घेऊन परत आली. वहिनीने वासराला लोकरीचं टोपरं बांधून पाठवलं होतं. पोवळ्याच्या रंगाचं ते वासरू बघून उजाक्काने त्याचं नाव तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

हे सगळं मायेपोटी झालं. मायेपोटी झालेल्या गोष्टींची फळंही भोगावी लागतात, हे उजाक्काला पुढे कळायचं होतं.

पोवळी मोठी झाली ती दृष्ट लागावी अशी. पण तिचा माज मुका. आला कधी, गेला कधी, पत्ता लागायचा नाही. भरवली तर गाभण न राहता उलटायची. हॉर्मोनची इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून मोड आलेली मटकी झाली, गावदेवीला नारळ झाला. आताशा प्रत्येक गाईच्या गळ्यात पट्टा असायचा. गाईला धाप लागली की मालकाच्या फोनवर भोंगा वाजायचा. दशरथचा फोन होळीच्या आधीपासून जो वाजायला लागायचा तो गणपतीपर्यंत. उन्हाळा हल्ली पाहुण्यासारखा येत नव्हता, घरजावयासारखा ठाण मांडून बसत होता.

त्यातच ईश्वरीचं लग्न ठरलं. ईश्वरी उजाक्काची एकुलती एक लेक. बेदाण्याची शेड चालवायची, उन्हात काळवंडली होती, आणि ऊन जितकं कडक तितकी खुशीत असायची, कारण बेदाणा उन्हावरच वाळतो. तिला स्थळ मिळालं मंगळवेढ्याचं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. लग्न पुढच्या वर्षी, उन्हाळा सरताना करायचं ठरलं. आणि लेकीच्या मागून जायला कालवड नव्हती. मोरणी सर्पदंशाने गेली होती. कारवटहून आलेल्या रक्ताची आता एकटी पोवळी उरली होती, आणि तिची कूस उजवत नव्हती.

"आई, नसली कालवड तर नसली," ईश्वरी म्हणाली. "मी काय रडत बसणार नाही."

"तू न्हाई बसायचीस," उजाक्का म्हणाली. "मी बसंन."

दूध संघाच्या डॉक्टर नाझनीन मुलाणी एका सकाळी आल्या, त्या सुई न घेता. त्यांनी पोवळीच्या शेपटीचे दोन-चार केस मुळासकट उपटले, एका डबीत घातले आणि गेल्या. आठवड्याने परत आल्या, ओसरीवर बसल्या, चहाचा कप हातात घेतला.

"उजाक्का, एक विचारू? मोरणी गाभण असताना कुठे होती?"

उजाक्काने मान खाली घातली. गावाने एवढं हसून घेतलं होतं, आता डॉक्टरही हसणार. "माहेरी," ती पुटपुटली.

"तुम्ही माहेरी होता. आणि गाय?"

"मी हितंच हुते की. गाय गेलती माहेरी. बाळंतपणाला."

दशरथने खाकरून तोंड फिरवलं. पण डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तरीच. केस सांगताहेत थंडी, ओल आणि धुकं. मला वाटलं, डबी बदलली."

मग त्यांनी उजाक्काच्या फडताळाकडे बोट दाखवलं. "हे बघा. जनुकं म्हणजे तुमचे ते डबे. आईबापाकडून आलेले, त्यात बदल नाही. पण कुठल्या डब्याचं झाकण घट्ट आणि कुठल्याचं सैल, हे वासरू आईच्या पोटात असताना ठरतं. आईला ऊन लागतंय का गारठा, चारा ओला का वाळका, तिला भीती वाटते का, हे सगळं रक्तातून आत पोचतं. आतलं वासरू त्या हिशेबाने झाकणं लावतं. बाहेर अशी अशी हवा असणार, आपण तयार राहू, म्हणून."

"आन भाईर भलतंच निघालं तर?"

"तर शरीर वाट बघत बसतं. एकाच रक्ताच्या दोन गाईंना एकच इंजेक्शन दिलं, तर एक गाभण राहते आणि एक नाही, ते यामुळे. इंजेक्शन म्हणजे दार वाजवणं. उघडायचं की नाही, ते आतली ठरवते. पोवळी धुक्याची वाट बघतेय, उजाक्का. ते आलं की मगच ती गाभण राहील."

एवढी वर्षं उजाक्का गोठ्यात जाऊन पोवळीच्या मानेवर कपाळ टेकवत होती, माहेर म्हणून. आणि पोवळी बिचारी तिच्याहून जास्त माहेरासाठी झुरत होती, तेही न सांगता. "मीच केलं म्हणायचं हे," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

संघाच्या आवारात त्या वर्षी नवं ऋतुघर उभं राहिलं होतं. बाहेरून बघाल तर पत्र्याची लांबुळकी शेड. आत मात्र भिंतींतून उजेड यायचा, तो सकाळचा म्हटला तर सकाळचा, मळभाचा म्हटला तर मळभाचा. छतातल्या बारीक नळ्यांतून हवं तसं दमट वारं सुटायचं, वास सुटायचे, आवाज यायचे. ज्या गाईच्या केसांत जो ऋतू सापडला, तो तिला इथे परत दाखवायचा. शरीराला ओळख पटली की मगच दार वाजवायचं, म्हणजे उपचार सुरू करायचे. सोबत तिचं रोजचं माणूस हवं, कारण परक्या हाताने गाय बुजली की बुजण्याचीच संप्रेरकं रक्तात चढतात आणि सगळं मुसळ केरात.

म्हणून पोवळी तिथे राहिली आणि उजाक्का रोज सकाळी तिच्याकडे जाऊ लागली.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं आणि पाऊस पडल्याचा आवाज आला. उजाक्काने कान देऊन ऐकलं आणि नाक मुरडलं. "ह्यो आमचा पाऊस न्हाई. आमच्याकडं पाऊस वाजत न्हाई, हवेत टांगून ऱ्हातो. गवताच्या टोकावरनं तेवढा ठिबकतोय."

डॉक्टरांनी आवाज बंद केला. मग उजाक्का सांगत गेली आणि ऋतुघर ऐकत गेलं. कारवीच्या ओल्या पानांचा वास. ओलं लाकूड चुलीत घातल्यावर निघतो तो निळा धूर, पण लांबून आलेला. बेडकं जवळची नकोत, खालच्या खाचरातली हवीत. वारा आधी गवतातून जातो, मग अंगाला लागतो. केसांतून जे मोजता येत होतं ते डॉक्टरांनी मोजलं होतं, गारवा किती, ओल किती. बाकीचं सगळं उजाक्काच्या नाकाकानांत होतं.

आणि एके सकाळी दार लोटून आत पाऊल टाकलं, तर कारवट होतं. भिंती नव्हत्या. पांढरं धुकं गुडघ्याएवढं साचलं होतं, त्यातून पोवळीची पाठ तेवढी वर दिसत होती. कुठेतरी आई हाक मारील असं वाटत होतं. पोवळीने नाक वर केलं, कान पुढे केले, आणि असा लांब सुस्कारा सोडला की उजाक्काच्या डोळ्यांतून पाणीच आलं. ती तिच्या मानेला मिठी मारून उभी राहिली. खरं कारवट आता तसं उरलं नव्हतं. पठारावर धुकं उतरायचं थांबलं होतं, भाऊ कराडला राहायला गेला होता, ओसरीला कुलूप होतं. तिचं माहेर सगळ्या जगात आता फक्त या पत्र्याच्या शेडमध्ये होतं.

घरी परतल्यावरही तिचं चित्त तिकडेच असायचं. दशरथ म्हणायचा, "जेवताना तरी हितं ये की." ती हसायची, पण येत नव्हती.

श्रावण लागला आणि पोवळी माजावर येऊन हंबरली. उघड, मोठ्याने, लाज सोडून. डॉक्टरांनी खिलार बापाचं, कालवडच होईल असं निवडलेलं बीज भरवलं. पोवळी उलटली नाही. उजाक्काने संघाच्या सगळ्या लोकांना पेढे वाटले आणि पोवळीला गुळाचा खडा दिला.

त्यानंतर डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. "आता दोन वाटा आहेत. पोवळी व्यायेपर्यंत इथेच राहिली, तर वासरू दांडगं होईल, पुढे दुधालाही जड. संघाची ना नाही. पण ते पुन्हा धुक्याच्याच हिशेबाने झाकणं लावून येईल. मंगळवेढ्यात ते पोवळीसारखंच वाट बघत राहील, आणि दर पिढीला हे घर लागेल."

"आन दुसरी?"

"तिला हळूहळू उन्हाला आणायचं. शेवटचे महिने बाहेर काढायचे. वासरू लहानखुरं होईल, दूध थोडं कमी. पण ते उन्हासाठी तयार होऊन येईल. फक्त, पोवळी स्वतः धुक्याची आहे. तिला नाही सोसलं तर ती गाभडेल, वासरू जाईल. मी खात्री देणार नाही, उजाक्का."

"मग हितंच ऱ्हाऊ दे," उजाक्का झटकन म्हणाली.

तिला वाटलं, विषय संपला. रोजचं धुकं, रोजची कारवी, गाईचं पोट दिसामासाने वाढतंय, आणि आपण मानेवर कपाळ टेकून उभे आहोत. यापरतं आणखी काय हवं असतं माणसाला? तिने ईश्वरीला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हटलं, बघू दे लेकीला, आई कुठे वाढली ते.

ईश्वरी बेदाण्याच्या शेडवरून तशीच आली. आत आली आणि दोन्ही हातांनी दंड आवळून उभी राहिली. धुक्यात तिचा काळासावळा चेहरा अनोळखी दिसत होता. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तिला शिंक आली.

"कसं हाय?" उजाक्काने विचारलं.

"छान आहे गं. पण आई, मला इथलं काहीच ओळखीचं वाटत नाही."

"आगं, हेच तर माहेर."

"तुझं." ईश्वरीने पोवळीच्या पोटावर हात ठेवला. "तू मला जी कालवड देणार, ती कुणाच्या माहेरची म्हणायची? रीत काय आहे तुमची? पोटात असताना माहेरचं पाणी प्यायलेली पाहिजे. माझं माहेर कुठलं मग?"

"कसलं माहेर ते! भाजून काढतंय नुसतं!"

"भाजून काढू दे. मंगळवेढ्याला गेल्यावर मी डोळे मिटले ना, की मला धुकं नाही दिसायचं, आई. बेदाण्याच्या जाळ्या दिसतील. पत्र्यावर ऊन तडतडतंय, आणि तू डोक्यावर ओलं फडकं घेऊन माझ्यासाठी ताक घेऊन येतीयेस, हे दिसेल. मला त्यातलं काहीतरी दे की."

उजाक्काला राग आला. इतका, की ती लेकीशी दोन दिवस धड बोलली नाही. मग राग ओसरला आणि खाली दुःख उरलं, कारण ईश्वरीचं म्हणणं खरं होतं. जिथे आपण जन्मभर उपरं म्हणून वावरलो, ते लेकीचं माहेर होतं, आणि एवढी साधी गोष्ट तिच्या कधी ध्यानात आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. "उन्हाला आणू या तिला. पर ते यंतर मीच फिरवणार. दुसऱ्या कुणी धुकं कमी केलेलं मला सोसायचं न्हाई."

भिंतीवर एक साधी चकती होती. डॉक्टर सांगतील तेवढी उजाक्का ती फिरवायची. आधी खाचरातली बेडकं गप्प झाली. मग चुलीचा निळा धूर गेला. दिवाळीनंतर कारवीचा वास इतका पुसट झाला, की नाक भिंतीला लावूनही येईना. एके दिवशी धुकं विरळ होऊन पलीकडचा पत्रा दिसला, त्यावर गंजाचा डाग होता. उजाक्का त्या डागाकडे बघत राहिली आणि पोवळीला म्हणाली, "बघ, भिंत हुती की आपल्या माहेराला." पोवळी कडबा चघळत राहिली. माघात उजाक्काने पोवळीला घरी आणलं.

चैत्र कसा काढला, ते त्या घरालाच ठाऊक. फोनचा भोंगा थांबेना. ईश्वरीने बेदाण्याच्या शेडवरच्या सावलीच्या जाळ्या सोडवून आणल्या आणि गोठ्यावर बांधल्या. दशरथ ओली पोती पोवळीच्या पाठीवर टाकायचा, ती बघता बघता वाळायची. एका दुपारी पोवळी बसली ती उठेना. जीभ बाहेर, डोळे पांढरे. उजाक्काने फोन लावला.

"ऋतुघर मोकळं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणता का? मी गाडी पाठवते. पण एकदा आत आणली, की इतके दिवस कमावलेलं जाईल."

उजाक्काने फोन कानाला तसाच धरला, आणि दुसरा हात पोवळीच्या कुशीवर ठेवला. वरून गाय भात्यासारखी धापत होती. आत मात्र वासरू निवांत होतं. त्याने एक लाथ मारली, मग सावकाश कूस बदलली, जसं कुणी दुपारच्या झोपेत बदलतं. आईचा जीव कासावीस, आणि लेकीला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"न्हाई," उजाक्का म्हणाली. "गाडी नगं. तुमी या फकस्त."

डॉक्टर आल्या, सलाईन लावलं, हात घालून तपासलं. "आईपेक्षा वासरूच बरं आहे," त्या म्हणाल्या. ऊन कलल्यावर पोवळी उठली, पाणी प्यायली, आणि उजाक्का गव्हाणीला टेकून हमसून हमसून रडली. ईश्वरी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वैशाखात, सकाळच्या पहिल्या प्रहरी, पोवळी व्यायली. कालवड झाली, लहानखुरी, बारीक केसांची, वाळल्या गवताच्या रंगाची. उजाक्काने पोवळीला गूळ घातलेली शिजवलेली बाजरी दिली. वहिनीने पाठवलेलं जुनं लोकरीचं टोपरं तिने पेटीतून काढलं होतं, ते हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली, आणि पुन्हा पेटीत ठेवून आली.

दुपार झाली. माळावर चिटपाखरू नव्हतं. पोवळी जाळीखालच्या सावलीत होती, आणि उजाक्का तिच्याशेजारी पोतं टाकून, डोक्यावर ओलं फडकं घेऊन. अंगणात ईश्वरी जाळीवरचे बेदाणे हाताने परतत होती. कालवड धडपडत उठली, चार पायांवर झुलली. आईकडे एकदा वळून बघितलं, आणि सावली ओलांडून सरळ उन्हात गेली. ईश्वरीच्या पायाशी जाऊन तिने अंग टाकलं आणि डोळे मिटले. धाप नाही, काही नाही. श्वास कसा सावकाश चालला होता.

ईश्वरीने काम थांबवलं. खाली बसून तिने कालवडीच्या मानेवर आपलं कपाळ टेकवलं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

उजाक्का उठली. डोक्यावरचं फडकं तिने पोवळीच्या पाठीवर पसरलं आणि पोतं ओढत अंगणाच्या मध्यावर आली.

"आई, सावलीत बस, भोवळ येईल," ईश्वरी म्हणाली.

"यिऊ दे," उजाक्का म्हणाली, आणि त्या दोघींच्या शेजारी उन्हात टेकली. "लेकीच्या माहेराला आलीया मी. बसू दे की जरा."